चुन्याची डबी उचलली की दिवा मालवतो

"चुन्यातली घेतलीस का?" असं आमच्याकडे रोज फोनवर विचारलं जातं. परक्या माणसाला वाटतं, म्हातारी तंबाखू मळते. आई सुपारीच्या खांडालाही हात लावत नाही. झालं असं, की आजी गेल्यावर तिचा पितळी पानपुडा आईकडे आला. धडधाकट वस्तू नुसती शोभेला ठेवणं आईला पटेना, म्हणून तिनं त्यात औषधं ठेवायला सुरुवात केली. चुन्याच्या डबीत पहाटेची थायरॉईडची गोळी, काताच्या डबीत नाश्त्यानंतरची रक्तदाबाची, सुपारीच्या डबीत रात्रीची कोलेस्टेरॉलची. स्ट्रिप कात्रीनं एकेका गोळीची कापायची आणि अख्खी डबीत सारायची, मोजदाद काही नाही. ही व्यवस्था अकरा वर्षं चालली.

बिनसलं ते गेल्या फेब्रुवारीत. आईनं नाश्ता झाल्यावर रक्तदाबाची गोळी घेतली. मग भाजीवाला आला, ती मेथी निवडत बसली, आणि अकरा वाजता तिला वाटलं की गोळी राहिली. राहिली नव्हती. दुपारी ओट्यापाशी डोळ्यांपुढं अंधारी आली, ती कशीबशी खुर्ची ओढून बसली. शेजारच्या वहिनींनी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा रक्तदाबाचा वरचा आकडा शंभरच्या खाली होता. चार तास झोपवून ठेवलं आणि घरी सोडलं. आईचं वय ७६, ती सांगलीत विश्रामबागेत एकटी राहते. मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीची कामं करते. थोरला भाऊ बंगळूरला. हे प्रकरण त्या पानपुड्याचं आहे: त्यात मी काय बसवलं, ते दोनदा कसं फसलं आणि आज त्यात काय आहे.

विसर कशाचा

भावाचा पहिला शब्द होता, "गजर लाव." मीही तेच म्हणणार होते. पण दुरुस्तीच्या धंद्यात एक सवय लागते: गिऱ्हाईक सांगतं तो बिघाड खरा धरायचा नाही, आधी मीटर लावायचा. मी रजा टाकून नऊ दिवस सांगलीत राहिले आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं नोंदी केल्या.

नऊ दिवसांत गोळ्यांच्या सत्तावीस वेळा आल्या. आईनं एकदाही गोळी घ्यायची चुकवली नाही. पहाटे उठून तोंड धुतलं की चुन्यातली, पोहे-उपम्याची बशी ठेवली की कातातली, अंथरूण घातलं की सुपारीतली. हात आपोआप जायचा. मात्र सात वेळा ती घेतल्यानंतर तासाभरानं उठली आणि पानपुडा उघडून डबीकडे बघत उभी राहिली. डबीत पंधरा-वीस गोळ्या, त्यावरून काय कळणार? दोनदा तिनं गोळी हातावर काढलीही होती, मी बोलले म्हणून परत गेली.

म्हणजे गोळी घ्यायचा विसर पडतच नव्हता. विसर पडत होता घेतल्याचा. सवय इतकी मुरली होती की हात काम करून मोकळा व्हायचा आणि मनाला त्याची खबर नसायची. कुलूप लावून जिना उतरल्यावर परत वर जाऊन कडी हलवून बघणारे सगळेच आहोत, तसंच. गजर इथं उलटा धोका. गोळी घेऊन झाल्यावर गजर वाजला, तर ज्याला घेतल्याची आठवण नाही तो काय करेल? दुसरी घेईल.

इलेक्ट्रॉनिक्सशिवायचे उपाय आम्ही आधी केले, हे सांगायलाच हवं. कॅलेंडरवर फुली मारायचं ठरवलं. आई फुली आधी मारून ठेवायची, "म्हणजे विसरायला नको." मग आठवड्याचे सात कप्पे असलेला प्लास्टिकचा डबा आणला. कुणी मला विचारलं तर मी आजही आधी तोच डबा घ्या म्हणून सांगते, कारण रिकामा कप्पा म्हणजे गोळी पोटात, याहून सरळ उत्तर नाही आणि त्याला सेलही लागत नाही. पण आईच्या बोटांची पेरं सांधेवातानं सुजलेली, त्या डब्याची चिमुकली झाकणं नखानं उचकटायची. वारांची नावं इंग्रजी आद्याक्षरांत. एकवीस गोळ्या वेष्टनातून काढून भरायच्या, त्यातल्या दोन दिसायला सारख्या. पंधरा दिवसांनी तो डबा सुईदोऱ्याचा झाला आणि गोळ्या पानपुड्यात परतल्या.

आणि खरं सांगायचं तर माझेही हात शिवशिवत होतेच.

पहिला डाव: भावाला मेसेज

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पासोड्या विठोबापाशी गेलं की दहा पावलांवर हवं ते मिळतं. तिथून ईएसपी ८२६६ चा वायफायवाला बोर्ड आणला, प्रकाश ओळखणारा एलडीआर आणला आणि चार्ज होणारा लिथियम सेल. कल्पना साधी होती: झाकण उघडलं की आत उजेड पडेल, बोर्ड जागा होईल, भावाच्या आणि माझ्या फोनवर मेसेज येईल.

पुण्यात टेबलावर झकास चाललं. सांगलीत पहिल्याच पहाटे मेसेज नाही. आई साडेपाचला उठते आणि दिवा न लावता, खिडकीतून येणाऱ्या रस्त्यावरच्या उजेडात गोळी घेते. झाकणाच्या आडोशाला एलडीआरला तो उजेड पुरेना. दुसरी अडचण तर मला आधीच कळायला हवी होती. पितळेचा बंद डबा म्हणजे रेडिओलहरींना तिजोरी. झाकण उघडं असेपर्यंत आतला बोर्ड राऊटरला हाका मारू शकतो, पण राऊटरशी जुळायला त्याला काही सेकंद लागतात आणि आई तेवढ्यात झाकण लावून मोकळी. लिथियम सेल दर काही दिवसांनी चार्ज करायचा. पानपुड्याला चार्जर जोडायचा हा विचारच आईला चमत्कारिक वाटला. रेडिओ पाठवताना हा बोर्ड दीडशे मिलिअँपिअरच्या वर वीज ओढतो, त्याला लहान सेल पुरणार तरी किती? शिवाय पानपुडा ठेवतात तो कोनाडा खिडकीशेजारी, मार्चपासून दुपारी तिथं ऊन येतं. लिथियम सेल तापत्या पितळेत कोंडून सांगलीला ठेवायचा आणि आपण पुण्यात झोपायचं, हे मला जमेना.

बोर्ड बाहेर काढला, मागं प्लास्टिकच्या डबीत ठेवून भिंतीवरच्या सॉकेटला जोडला. एलडीआरच्या जागी झाकणाला चुंबक लावला. मेसेज यायला लागले आणि महिनाभर नोंदवही आरशासारखी लख्ख: पहाटे साडेपाच, सकाळी नऊ, रात्री साडेनऊ. एकही दांडी नाही. भाऊ खूश, मी खूश.

पाडव्याला घरी गेले. मार्चच्या एक तारखेला काताच्या डबीत तीस गोळ्या मीच मोजून भरल्या होत्या. आता एक-दोन उरायला हव्या होत्या. निघाल्या सहा.

आई गुढीला साखरेची माळ बांधत होती. विचारल्यावर मान वर न करता म्हणाली, "अगं, नऊ वाजता मेसेज गेला नाही की सव्वानऊला दादाचा फोन. मी पूजेत असते, नाहीतर आंघोळीला. उठायचं, ओले हात पुसायचे, 'घेतली रे बाबा' म्हणायचं. म्हणून मी आपली नऊच्या आधी झाकण उघडून लावून ठेवते. गोळी मग सवडीनं घेते."

सवडीनं म्हणजे चार-पाच दिवस राहूनच गेली होती. जी बाई गोळी घ्यायला कधीच विसरत नव्हती, तिला मी विसरायला शिकवलं. आजवर पोह्यांची बशी ठेवणं ही खूण होती. आता खूण झाली भावाचा फोन न येणं. आणि झाकण उघडल्याची नोंद म्हणजे गोळी घेतल्याची नोंद, हे आम्ही दोघं शिकलेली माणसं महिनाभर बिनदिक्कत धरून चाललो होतो.

"आणि दुसरं सांगू?" ती म्हणाली. "कुणीतरी मागं उभं राहून बघतंय असं वाटतं."

मी त्याच दिवशी बोर्ड काढला. भावाशी वाजलं. त्याचं म्हणणं, मेसेजच काढला तर मग त्या डब्याचा मला उपयोग काय? उपयोग त्याला नव्हताच, हे त्याला पटायला गणपती उजाडले.

तांबट आळी

नव्यानं मांडायचं म्हणून एकच प्रश्न ठेवला: आईला शंका येते तेव्हा ती पानपुडा उघडून बघते, तेव्हा तिथं उत्तर दिसलं पाहिजे. बास. वायफाय नको, मेसेज नको, गजर नको. प्रत्येक डबीशेजारी एक दिवा. त्यासाठी वरच्या ताटलीला तीन भोकं पाडायची म्हणून पानपुडा पुण्याला आणला आणि कसबा पेठेत तांबट आळीत घेऊन गेले.

तिथल्या एका कारागिरानं तो हातात फिरवला, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला, आतली कल्हई कुठं उडालीय ते दाखवलं. भोकांचं सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आजीचे कान टोचायला आणलेत. मग ताटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. आजीच्या पानपुड्यात खाली विड्याची पानं ओल्या फडक्यात ठेवायची जागा, आणि वर डब्यांची ताटली. त्या ताटलीला वेलबुट्टीची जाळी आहे. "ही कशाला आहे? पानाला वारा लागावा म्हणून. दिवे हिच्या खाली लावा की. भोकं आजोबांनीच पाडून ठेवलीत."

मी ती ताटली लहानपणापासून बघत आले होते. जाळी म्हणजे नक्षी असंच धरून चालले होते. पानं गेली आणि खालचा मजला रिकामा पडला, सगळी वायरिंग तिथं मावणार होती. वरून काही दिसणार नव्हतं. कल्हई करून घेतली आणि घरी आले.

त्याच्यासमोर बसूनच दुसरी गोष्ट सुचली. झाकण उघडणं म्हणजे बघणं. गोळी घ्यायची तर डबी ताटलीच्या खळग्यातून उचलून हातात घ्यावी लागते, कारण डबीचं झाकण फिरकीचं आहे, एका हातानं निघत नाही. तेव्हा झाकण हा प्रश्न आणि डबी उचलणं हे उत्तर. दोन्ही वेगळं मोजायचं.

दुसरा डाव

डबी उचलल्याचं ओळखायला रीड स्विच घेतला. काचेच्या बारीक नळीत लोखंड-निकेलच्या दोन पात्या, जवळ चुंबक आला की एकमेकींना चिकटतात, गेला की सुटतात. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी १९३६ मध्ये तो काढला आणि पुढं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असे लाखो स्विच टकटकत राहिले. इथं त्याचा फायदा असा, की पितळ चुंबकाच्या आड येत नाही. रेडिओलहरींना तिजोरी असलेलं पितळ स्थिर चुंबकाला काचेसारखं आरपार. डबीच्या बुडाला बाहेरून सहा मिलिमीटरची चकती, ताटलीखाली रीड, मध्ये पत्रा असून नसल्यासारखा.

दोन डब्यांचं लगेच जमलं. तिसरी, चुन्याची, काही केल्या दाद देईना. दिवसभर कोड तपासला, स्विच बदलला. संध्याकाळी लक्षात आलं, ती डबी पितळी नव्हतीच. मूळची कधीतरी हरवली होती आणि आईनं त्या जागी कुंकवाची स्टीलची डबी बसवली होती. घासून घासून ती इतकी फिकट झालेली की कल्हईच्या पितळेशेजारी वेगळी वाटेना. काही स्टीलला चुंबक चिकटतो, काहींना नाही. हिला चिकटत होता. त्या पत्र्यामुळे चुंबकाच्या ओढीचा आकारच बदलला होता, रीड लागत नव्हता. आईला विचारलं तर म्हणाली, "मग, ती तर माझ्या लग्नातली." बदलायची सोय नाही. शेवटी दोन चकत्या एकावर एक लावल्या आणि रीड थोडा वर घेतला. चकती रीडच्या बरोबर मधोमध आली तर तो मख्ख राहतो, टोकाकडे सरकवली की खट्कन लागतो, हे त्या खटपटीत नव्यानं आठवलं. रीडचे पाय वाकवताना काचेजवळ पक्कड धरली नाही तर काच तडकते. माझे दोन गेले.

खालच्या मजल्यावर बोर्ड ठेवायचा तर तळ पितळेचा, म्हणजे सोल्डरचा एक टोचा टेकला की शॉर्ट. आईच्या गुडघ्याची जुनी एक्स-रे फिल्म कापून तळाला आणि बाजूंना अस्तर केलं. चांगला विजेला न जुमानणारा कागद आहे तो, आणि प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या कपाटात हवा तेवढा असतो. पानपुडा उन्हात धरला की बोर्डाखाली गुडघ्याची वाटी दिसते.

नाण्यासारखा सेल मी मुद्दाम टाळला. तो आकारानं सोयीचा, पण गोळ्यांच्या डब्यात गोळीसारखी चपटी गोल वस्तू ठेवायचीच नाही. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, आणि सुट्टीत भावाची चार वर्षांची मुलगी येते. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यातून वीज वाहते, तिथं तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांत भाजायला लागतं. पिल्लासाठी चुंबकही तितकेच वाईट, दोन गिळले तर आतड्याची घडी मध्ये पकडून बसतात. म्हणून चकत्या डबीच्या बाहेरून, वर एपॉक्सीचा जाड थर देऊन. तो थर दुसऱ्या कारणानंही लागला: आई पितळ चिंचेनं घासते आणि चुंबकावरचा निकेलचा मुलामा चिंचेपुढं टिकत नाही. सेल म्हणून ट्रिपल-ए चे दोन, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळणारे, स्क्रूनं बंद होणाऱ्या होल्डरमध्ये.

मेंदू म्हणून एटी-टायनी ८४, चौदा पायांची चिप. हिच्यात घड्याळ नाही. सुरुवातीला मी वेगळं घड्याळाचं मॉड्यूल लावणार होते, मग लक्षात आलं की किती वाजले हे कळायची गरजच नाही. प्रत्येक गोळी दिवसातून एकदा. डबी उचलल्यापासून वीस तास झाले नसतील तर गोळी घेतलेली आहे, झाले असतील तर बाकी आहे. पहाटे साडेपाचला घेतली की रात्री दीडला पुन्हा 'बाकी'. रात्री साडेनऊची दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला 'बाकी'. कुठलीही दोन टोकं एकमेकांवर येत नाहीत. चिपमधला वॉचडॉग, म्हणजे झोपलेल्या चिपला ठराविक वेळानं उठवणारा टायमर, दर आठ सेकंदांनी जागा होतो, नऊ हजार वेळा जागा झाला की वीस तास. तो काही स्विस घड्याळ नव्हे, माझ्या नगाचे आठ सेकंद साडेआठच्या आसपास निघाले, म्हणजे वीसचे सव्वाएकवीस तास. आकडा कमी करून टाकला. इथं अर्धा तास इकडंतिकडं कुणाला लागतो?

दिव्याचा रंग आणि अर्थ यावर मी दोन दिवस घालवले. घेतली असेल तर हिरवा, नसेल तर लाल? लाल म्हणजे 'थांब' की 'अजून राहिलं'? आईनं अर्ध्या मिनिटात निकाल लावला. "घ्यायची आहे तोवर दिवा असू दे. डबी उचलली की मालवू दे." विझू दे म्हणाली नाही, ती दिव्याच्या बाबतीत विझणं हा शब्द तोंडातून काढत नाही. तीन पिवळे मंद दिवे. झाकण उघडलं की जाळीतून वेलबुट्टीच्या आकारात उजेड येतो, नुसता बाकी असलेल्या डबीखाली.

अक्षय्य तृतीयेला पानपुडा कोनाड्यात परत गेला. पहिल्या शनिवारी घोटाळा: आईनं घासायला तिन्ही डब्या काढल्या आणि तिन्ही दिवे मालवले. रात्रीची गोळी घ्यायची होती ती घेतल्याची झाली. कोडमध्ये एक ओळ वाढली, तिन्ही डब्या मिनिटभरात उचलल्या तर ती घासाघास समजायची आणि आधीची स्थिती परत आणायची. ही ओळ लिहिताना जे बरं वाटलं ते वायफायच्या सगळ्या खटाटोपात वाटलं नव्हतं.

गौरी जेवणाचा दिवस

आता या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक.

चार महिने उत्तम गेले. ऑगस्टच्या शेवटी गौरी आल्या, घर माणसांनी भरलं. जेवणाच्या दिवशी आईनं पहाटे पानपुडा उघडला. एकही दिवा नाही. तिनं समजून घेतलं की घेतली असेल, गडबडीत आठवत नाही. सकाळी नऊला पुन्हा तेच. दुपारी वाढायच्या वेळी ती मला सहज म्हणाली, "आज मी फार चटपटीत, सगळ्या गोळ्या आधीच झाल्यात."

सेल संपले होते.

आणि मी बनवलेल्या डब्यात 'सेल संपले' आणि 'गोळी घेतली' दिसायला एकच. अंधार. वीज गेली तर काय दिसेल हा प्रश्न दुसऱ्याचं यंत्र दुरुस्त करताना मी सर्वात आधी विचारते. आपल्या आईच्या डब्याला तो विचारायचं राहून गेलं. डॉक्टरांशी मी आधी बोलले होते; आईच्या बाबतीत एक दिवस चुकणं हे दोनदा घेण्यापेक्षा पुष्कळ बरं, शंका असेल तर न घेता फोन करा, असं त्यांनी सांगितलेलं. तेवढ्यानं निभावलं. दुसऱ्या कुणाच्या गोळ्यांना हाच हिशेब लागू होईल असं नाही, तो ज्याचा त्यानं आपल्या डॉक्टरांकडून घ्यावा.

उपाय दहा मिनिटांचा होता. आता झाकण उघडलं की आधी तिन्ही दिवे एकदम लुकलुकतात, मगच खरी स्थिती दिसते. लुकलुकले नाहीत तर डब्यावर विश्वास ठेवायचा नाही, मला फोन करायचा. आई त्याला डोळा मिचकावणं म्हणते. "आज मिचकावला नाही" असा फोन अजून आलेला नाही.

पण सेल चार महिन्यांत संपले का? हिशेबानं काही वर्षं जायला हवे होते. मीटर लावला तर बंद झाकणाच्या, झोपलेल्या डब्यात साडेतीनशे मायक्रोअँपिअर वाहत होते. चोर सापडला तो रीडमध्ये. डब्या जागेवर असतात तेव्हा चुंबक जवळ, म्हणजे स्विच लागलेला. दिवसाचे तेवीस तास आणि एकोणसाठ मिनिटं चारही स्विच लागलेलेच: तीन डब्यांचे, एक झाकणाचा. स्विच लागलेला की सुटलेला हे चिपला कळावं म्हणून तिच्या आत प्रत्येक स्विचला एक रोध असतो, पुल-अप; त्यातून वीज गळत होती. तो रोध वीस ते पन्नास किलोओहमचा असतो, तीन व्होल्टला ऐंशी-नव्वद मायक्रोअँपिअर. चौपट करा. नळ थेंबथेंब गळावा तसं. आतले पुल-अप बंद करून बाहेरून एकेक मेगओहमचा रोध लावला, प्रत्येकी तीन मायक्रोअँपिअर. आता सगळं मिळून अठरा. त्या हिशेबानं सेल सहा वर्षं जातील, पण इतकी वर्षं ठेवले तर सेलच पाझरतात आणि पाझर पितळ खातो. म्हणून दर खंडेनवमीला बदलायचे. त्या दिवशी आई अडकित्ता, विळी, माझं सोल्डरिंग गन पाटावर मांडते, पानपुडाही तिथंच असतो. जुने सेल काढून नव्यांना हळदकुंकू लावल्याशिवाय ती झाकण लावू देत नाही. हळद विजेची चांगली वाहक नाही, म्हणून मी काही बोलत नाही.

आजची स्थिती

दिवाळीत मी पुन्हा पेन्सिल घेऊन बसले, या वेळी सहाच दिवस. शंका येऊन आई चारदा उठली, पानपुडा उघडला, बघितलं, झाकण लावलं. गोळी एकदाही हातावर आली नाही. उठणं थांबलेलं नाही, आणि थांबावं असं मला वाटतही नाही.

दोन गोष्टी सुटलेल्या नाहीत. डबी उचलली, झाकण फिरवलं आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली, तर दिवा मालवलेला आणि गोळी डबीतच. असं झाल्याचं आईनं एकदा कबूल केलं. डबीखाली वजनकाटा बसवून गोळी मोजता येईल, पण ग्रॅमचा लहानसा अंश मोजणारा काटा पितळी ताटलीखाली, शनिवारच्या चिंचेसकट, टिकवायचा म्हणजे नवं दुखणं. नको.

दुसरी म्हणजे मिरज. मावशीकडे दोन दिवस जाताना आई अख्खा पानपुडा कुठं नेणार, ती चुन्याची डबी तेवढी पर्समध्ये टाकते. बाकी गोळ्या पुडीत. तिकडे मावशी विचारते, "घेतलीस का?" आणि इकडे बंद घरात पानपुडा आपला डबी परत यायची वाट बघत वीस-वीस तास मोजतो. भावानं सुचवलं, डबीतच काहीतरी बसव. मी त्याला एक्स-रेतली गुडघ्याची वाटी दाखवली आणि विषय बदलला.

शेजारच्या वहिनींना त्यांच्या सासऱ्यांसाठी असंच हवं आहे. मी म्हटलं, नवं काही आणू नका, ते आत्ता गोळ्या कशात ठेवतात तेच आणा. संध्याकाळी त्या बिस्किटांचा जुना डबा घेऊन आल्या, वर ताजमहालाचं चित्र. खिशातला चुंबक लावून बघितला. लोखंडी पत्रा. खट्कन चिकटला.